वाटेत भाजले तर : पहिली वीस मिनिटे कोणाची?

भाजण्याचा प्रसंग सांगून येत नाही, आणि तो घरीच यावा असाही काही त्याचा नेम नाही. घरी भाजले तर मोरी कोठे आहे, स्वच्छ कापड कोणत्या कपाटात आहे, कोणत्या डॉक्टरांचा दवाखाना या वेळी उघडा असतो, हे सारे आपल्याला डोळे मिटून ठाऊक असते. परगावी यातले काहीच ठाऊक नसते. उतरलेले घर परके, माणसे अनोळखी, बोली थोडी निराळी, आणि मुलाने तर रडून आकांत मांडलेला असतो. अशा वेळी शहाणी म्हणविणारी माणसेही गोंधळतात. कोणी बर्फ आणावयास धावतो, कोणी टूथपेस्टची नळी शोधतो, कोणी औषधाचे दुकान विचारीत रस्त्यावर जातो. आणि या धावपळीत जी पहिली वीस मिनिटे खरोखर मोलाची, तीच निघून जातात.

या लेखात आम्हांला एकच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसवावयाची आहे. लहानसहान भाजण्यावर जो पहिला आणि सर्वांत गुणकारी उपचार आहे, तो डॉक्टरांच्या हातात नाही. जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आहे. त्यासाठी मलम लागत नाही, पैसा लागत नाही, वैद्यकाचे ज्ञानही फारसे लागत नाही. पाणी लागते आणि वीस मिनिटांचा धीर लागतो. घरापासून दूर असलेल्या माणसाजवळ औषधांची पेटी नसते याचे दुःख त्याने मानू नये. जे हवे असते ते बहुधा त्या पेटीत नसतेच.

उदाहरणांसाठी आम्ही गोव्यातील पेडणे व डिचोली हे दोन तालुके घेतले आहेत, आणि त्याला कारण आहे. वसई, मुंबई, रत्नागिरी, सावंतवाडी येथून गोव्यास जाणारी आमची कुटुंबे बहुतेक याच दोन दारांनी आत शिरतात. मुंबईकडून येणारा महामार्ग पत्रादेवीला पेडणे तालुक्यात प्रवेश करतो. कोकण रेल्वेचे गोव्यातील पहिले स्थानक पेडणेच. आणि जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळही याच तालुक्यात सुरू झाला आहे. दोडामार्गाने उतरणारा प्रवासी डिचोलीत येतो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते, तेव्हा किती कुटुंबे या वाटांनी गेली! मे महिन्याच्या सुटीत हरमल, मांद्रे, मोरजी येथील किनाऱ्यांवर जाणारी मुलेमाणसेही थोडी नाहीत. प्रवास आनंदाचा होवो; पण त्या आनंदात विस्तव, वाफ, तापलेले लोखंड आणि तापलेली वाळूही असते, हे विसरून चालणार नाही.

भाजते म्हणजे काय होते?

चटका बसला आणि हात मागे घेतला की भाजणे संपले, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तसे नाही. कातडीत शिरलेली उष्णता लगेच निघून जात नाही; ती आतल्या थरांत पसरत राहते. बर्मिंगहॅम येथील शल्यवैद्य जॅक्सन यांनी १९५३ साली भाजलेल्या जागेचे तीन भाग पाडून दाखविले. अगदी मधला भाग मेलेला असतो. तो कशानेही परत येत नाही. बाहेरचा भाग नुसता लाल झालेला असतो. तो आपोआप बरा होतो. या दोहोंमधला जो पट्टा, त्यातील रक्ताभिसरण मंदावलेले असते. तो जगेल की मरेल, हे पुढील काही तास त्याची निगा कशी राखली जाते यावर ठरते. पाणी वाचविते ते या मधल्या पट्ट्याला. तो वाचला तर जखम आठ-दहा दिवसांत भरते; तो गेला तर तीच जखम खोल जाते, महिनाभर रेंगाळते आणि जन्माचा व्रण ठेवून जाते.

आपल्याकडे या विषयाचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. नुसती होरपळलेली कातडी, फोड आलेली कातडी आणि खोल जळलेले मांस यांतील भेद त्या काळच्या वैद्यांनी नेमका ओळखला होता. मात्र हलक्या भाजण्यावर शेक द्यावा असे जे तेथे सांगितले आहे, ते आजच्या अनुभवाला उतरत नाही. आपल्या घराघरांत अजून ऐकू येणारे ‘भाजल्यावर पाणी घालू नका, फोड येईल’ हे वाक्यही तसेच टाकून देण्याजोगे आहे. फोड पाण्याने येत नाही. तो भाजल्याने येतो. पाणी घातले तर तो लहान राहण्याचाच संभव अधिक.

पाणी किती, कसे आणि किती वेळ?

भाजल्याबरोबर प्रथम माणसाला विस्तवापासून अगर गरम वस्तूपासून दूर करावे. भाजलेल्या जागेवरचे गरम, भिजलेले कपडे तत्काळ काढावेत, कारण ते उष्णता धरून ठेवतात. मात्र कापड कातडीला चिकटलेले असेल तर ओढू नये. बांगडी, अंगठी, घड्याळ, पायातले पैंजण हे लगेच उतरवावे. थोड्या वेळाने सूज आली म्हणजे ते निघत नाहीत आणि बोट आवळले जाते.

नंतर भाजलेली जागा वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. दोन मिनिटे नव्हे, पाच मिनिटे नव्हे. घड्याळ लावून वीस मिनिटे. आग थांबली असे वाटून मूल हात काढू लागते, आईला दया येते, आणि तेथेच काम अर्धवट राहते. ताबडतोब पाणी मिळाले नाही म्हणून निराश होऊ नये. भाजल्यापासून तीन तासांच्या आत घातलेले पाणीही गुण देते. पाणी बर्फासारखे गार नको. बर्फ प्रत्यक्ष लावल्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि तो मधला पट्टा वाचण्याऐवजी मरतो. नळाचे अगर विहिरीचे साधे पाणी उत्तम.

येथे गोव्यासारख्या प्रदेशातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवरील काळ्या टाकीतून नळाला येणारे पाणी हातालाही सोसत नाही. ते तसेच जखमेवर सोडू नये. आधी थोडे वाहू द्यावे, अगर यजमानांकडे विहिरीचे पाणी मागावे. गोव्यातील जुन्या घरांना परसात विहीर असते, आणि तिचे पाणी ऐन उन्हाळ्यातही शीतल असते. कोकणीत पाण्याला ‘उदक’ म्हणतात, हा एक शब्द मुलांनाही शिकवून ठेवावा.

वाटेत नळ नसेल तर काय करावे? बारीक धारेने मिनिटाला अर्धा लिटर पाणी ओतले तर वीस मिनिटांस दहा लिटर लागते. म्हणजे एका मोठ्या कळशीचे काम आहे. तेवढे नसेल तर खाली घमेले अगर बादली ठेवून तेच पाणी पेल्याने पुनःपुन्हा ओतावे. तेही नसेल तर स्वच्छ रुमाल पिण्याच्या पाण्यात भिजवून जखमेवर ठेवावा आणि मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा भिजवावा. एकदा ठेवलेला ओला रुमाल लवकरच गरम होतो आणि निरुपयोगी ठरतो. तळ्याचे, ओढ्याचे गढूळ पाणी फुटलेल्या कातडीवर घालू नये. लहान मूल असेल तर जखम थंड करावी पण मुलाचे बाकीचे अंग चादरीने झाकून उबेत ठेवावे.

तेल नको, तूप नको

प्रभू येशूने सांगितलेल्या शोमरोनी माणसाचा दाखला आमच्या सर्व वाचकांना मुखोद्गत आहे. वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमांना त्याने तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. लुटारूंनी मारलेल्या घावांना त्या काळी तोच उपचार योग्य होता. पण म्हणून भाजलेल्या जागी तेल ओतू नये. तेल, तूप, लोणी ही उष्णता आत कोंडून ठेवतात. टूथपेस्ट, शाई, हळद, कच्चे अंडे, चुना, माती यांनी जखमेची खोली दिसेनाशी होते, जंतू आत जातात, आणि दवाखान्यात गेल्यावर तो सारा लेप खरवडून काढावा लागतो. त्या खरवडण्याचे दुःख मूळ भाजण्याहून कमी नसते.

तीर्थस्थानांहून आणलेले पवित्र तेल जखमेला लावण्याची इच्छा पुष्कळ भाविकांना होते. म्हापशाच्या मिलाग्रिस साईबिणीच्या फेस्ताला, ईस्टरनंतर सुमारे पंधरवड्याने, तेल अर्पण करण्याची प्रथा आहे. ज्या श्रद्धेने ते वाहिले जाते तिच्याविषयी आम्हांला आदरच आहे. तथापि ताज्या भाजण्यावर कोणतेही तेल लावणे हे श्रद्धेचे अंग नव्हे. कपाळाला लावून प्रार्थना करावी. जखमेवर पाणीच ओतावे.

आम्ही एक मुलगा पाहिला आहे. सुटीत आईबापांबरोबर किनाऱ्यावर गेला असता पायाला चटका बसला. बरोबरच्या वडीलधाऱ्यांनी मायेपोटी टूथपेस्टचा जाड थर दिला आणि वर रुमाल घट्ट बांधला. तिसऱ्या दिवशी गावी परतल्यावर रुमाल सोडला तो कातडीसकट निघाला. रुपयाएवढा चटका तळहाताएवढी जखम झाली होती. त्या घरात माया कमी नव्हती, पाणीही कमी नव्हते. पाण्यावर विश्वास तेवढा नव्हता.

कोठे कोठे भाजते?

प्रवासातील भाजण्यांत सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चटका. गोव्यात भाड्याने दुचाकी घेऊन हिंडण्याची रीत आहे; पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून उतारू नेणारे ‘पायलट’ही आहेत. सायलेन्सर बहुधा उजव्या बाजूस असतो. अर्धी विजार घातलेला मुलगा उजवीकडून उतरू लागला की पोटरीची आतली बाजू त्याला टेकते. ते लोखंड उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक तापलेले असल्याने डाग लहान दिसतो पण खोल असतो. कधी कधी मधोमध पांढुरका पडतो आणि तेथे दुखत नाही. दुखत नाही म्हणून समाधान मानू नये. वेदना कळविणारे ज्ञानतंतूच जळाल्याचे ते चिन्ह असते, आणि असा डाग डॉक्टरांस दाखविलाच पाहिजे. पायाची जखम आधीच सावकाश भरते. म्हणून मुलांना लांब विजार घालावी, नेहमी डाव्या बाजूने चढावे-उतरावे, आणि नुकत्याच थांबलेल्या गाडीजवळ मुलांना खेळू देऊ नये.

दुसरा प्रकार चहाचा. आगगाडीच्या डब्यात मांडीवर मूल आणि हातात चहाचा पेला, हे दृश्य आपण नित्य पाहतो. गाडीला हिसका बसतो आणि पेला मुलाच्या छातीवर उलटतो. बालकाची कातडी मोठ्या माणसाच्या कातडीहून पातळ असते. जो चहा आपण फुंकून पितो तो तिला खोल भाजू शकतो. मूल मांडीवर असताना गरम पेय हातात घेऊच नये, एवढा नियम पाळला तरी पुरे. प्रसंग आलाच तर झबले तत्काळ काढून बाटलीतले पिण्याचे पाणी ओतावे.

तिसरा प्रकार विस्तवाचा. डिचोली तालुक्यातील शिरगावची श्रीलईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस भरते. व्रतस्थ धोंड हातात रंगीत धाग्यांनी गुंफलेले वेत घेऊन पहाटे होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात. म्हापशाची साईबिण आणि शिरगावची लईराई या बहिणी, अशी लोकांची श्रद्धा असल्याने पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांनाही या जत्रेविषयी आपुलकी आहे. लाकडाचा निखारा दिसतो तितक्या वेगाने उष्णता पायाला देत नाही, आणि चालणाऱ्याचे पाऊल क्षणभरच टेकते. परंतु जो मध्येच थबकतो अगर ज्याच्या बोटांच्या बेचक्यात निखारा अडकतो, त्याचा पाय भाजतो. पाहावयास आलेल्यांना दुसराच धोका असतो. वरून राख झालेल्या ढिगाऱ्यात आत विस्तव धुमसत असतो, आणि अनवाणी मूल त्यावर पाय देते. गर्दीचा धोका तर विस्तवाहूनही मोठा. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे मृत्युमुखी पडली, हे दुःख अजून ताजे आहे. म्हणून अशा ठिकाणी मुलांना पायांत वहाणा असाव्यात, कुटुंबाने गर्दीच्या कडेला राहावे, आणि पाण्याची बाटली बरोबर असावी.

चौथा प्रकार बाहेरच्या माणसाच्या ध्यानीमनी नसतो, तो काजूचा. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड आज पेडणे, डिचोली, सत्तरीच्या डोंगरांवर सर्वत्र आहे, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्याचा हंगाम असतो. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला. बिबा उतला म्हणजे अंगाचे काय होते ते आपल्या आजीबाईंना चांगले ठाऊक आहे. काजूच्या टरफलात तसेच दाहक तेल असते. कच्ची बी दातांनी फोडणारे मूल ओठ भाजून घेते. विस्तवावर बिया भाजताना ते तेल चटचट उडते आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. येथे नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे, तेल लागलेले कपडे बदलावेत, आणि तो हात डोळ्याला लावू नये. डोळ्यात गेलेच तर वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहून सरळ डॉक्टरांकडे जावे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिच्या भट्ट्या पाहावयास जाणारे प्रवासीही वाढले आहेत. तेथील वाफ उकळत्या पाण्याहून वाईट भाजते आणि मद्याची वाफ पेटही घेते. मुलांना तेथून दूरच ठेवावे.

शेवटी वाळू आणि ऊन. भर दुपारची कोरडी वाळू आणि डांबरी रस्ता यांनी तळपाय भाजतात. मधुमेह झालेल्या वृद्धांविषयी येथे विशेष सांगावेसे वाटते. या रोगात पायांची संवेदना मंदावते. नवस म्हणून अनवाणी चालणाऱ्या आजोबांना आपला तळवा भाजला हे कळतही नाही. रात्री फोड दिसतो, पुढे त्यात पू होतो, आणि पाय गमावण्याची पाळी येते. अशा माणसाने नवस वहाणा घालून फेडावा. देव पायांची कातडी मागत नाही. उन्हाने अंग लाल झाले असेल तर सावलीत यावे, ओल्या कापडाने अंग थंड करावे, पाणी प्यावे. समुद्रात जेलीफिशने डंख केला तर आग भाजल्यासारखीच होते, पण ते भाजणे नव्हे. तेथे गोडे पाणी ओतू नये, चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवून किनाऱ्यावरील जीवरक्षकाला दाखवावे.

झाकणे आणि पुढचे दिवस

वीस मिनिटे पूर्ण झाल्यावर जखम हलकेच टिपून झाकावी. झाकण्याचा हेतू दोन : वारा लागून होणारी आग थांबावी, आणि जंतू आत जाऊ नयेत. कापूस ठेवू नये; त्याचे तंतू चिकटतात. धुतलेला, इस्त्री केलेला सुती रुमाल, औषधाच्या दुकानात मिळणारे पॅराफिनचे जाळीदार कापड, अगर अन्न झाकण्याचा नवा पातळ प्लास्टिकचा कागद, यांपैकी काहीही चालते. प्लास्टिक गुंडाळून आवळू नये, नुसते वर ठेवावे. हात भाजला असेल तर स्वच्छ, कोरी पिशवी सैल घालता येते. फोड फोडू नये. त्याचे पातळ कातडे हीच देवाने दिलेली सर्वांत चांगली पट्टी आहे.

या संदर्भात एक गोष्ट आमच्या कोकणवासी वाचकांस कौतुकाची वाटेल. मुंबईतील शीव रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००३ साली भाजलेल्या रुग्णांवर केळीच्या पानाच्या पट्ट्या वापरून त्यांचे गुण प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्णाला यातना होत नाहीत. आणि खर्चही नाममात्र. त्यापूर्वी १९८५ साली मुंबईतीलच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या पट्ट्यांचा प्रयोग मांडला होता. मात्र हे ऐकून कोणी परसातील पान तोडून जखमेवर बांधू नये. रुग्णालयातील पाने जंतुरहित केलेली होती.

दुखणे थांबण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. मुलाला त्याच्या वजनाच्या मानाने द्यावे. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते आठवावे, आणि आठवत नसेल तर डॉक्टरांस विचारून घ्यावी. जखम भरेपर्यंत समुद्रस्नान वर्ज्य. दोन दिवसांनी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली पसरली, पू अगर दुर्गंधी आली, ताप चढला, तर प्रवासाचा बेत बाजूस ठेवून दवाखाना गाठावा. साध्या जखमा दोन आठवड्यांत भरतात. न भरल्यास दाखवावे.

डॉक्टर केव्हा?

आतापर्यंत सांगितले ते लहान भाजण्याविषयी. लहान कोणते, याचे माप प्रत्येकाच्या हातातच आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे शंभरावा भाग. त्याहून मोठी जखम असेल तर पाणी घालून झाल्यावर डॉक्टरांकडे जावे. तोंड, हात, पाऊल, सांधे, गुप्तांग येथे भाजले असेल. जखम पांढरी, तपकिरी अगर काळी दिसत असेल. वीज अगर तीव्र रसायन यांनी भाजले असेल. बंद जागी धूर श्वासात गेला असेल. रुग्ण तान्हे मूल, वृद्ध, गरोदर स्त्री अगर मधुमेही असेल, तर जखम केवढी हे न पाहता जावे. विजेने भाजलेला डाग बाहेरून टिकलीएवढा असून आत मोठी हानी झालेली असू शकते.

पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांत सरकारी आरोग्य केंद्रे आहेत. त्याहून मोठ्या उपचारांसाठी म्हापशाला जिल्हा इस्पितळ आहे, आणि १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. वाट लांब म्हणून पाण्याची वीस मिनिटे गाळू नयेत. डॉक्टर वीस मिनिटे उशिरा भेटले तर लहान भाजण्यात फारसे बिघडत नाही, पाणी चुकले तर बिघडते. केवळ श्वास कोंडला असेल अगर फार मोठा भाग भाजला असेल तेव्हा मात्र आधी रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत पाणी घालावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे १,८०,००० माणसे भाजून मरतात, आणि त्यांतील बहुसंख्य आपल्यासारख्या देशांतील. लहान चटक्यांची तर गणतीच होत नाही. त्यांतले किती व्रण एका कळशीने टळले असते, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

प्रवासास निघताना पिशवीत एवढे असू द्यावे : पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या, दोन धुतलेले रुमाल, पॅराफिनचे जाळीदार कापड, चिकटपट्टी, लहान कात्री, पॅरासिटामॉल, आणि कोऱ्या प्लास्टिकच्या दोन पिशव्या. मुलांनाही हे एकदा समजावून सांगावे. कारण मोठी माणसे घाबरतात तेव्हा पुष्कळदा मुलेच नळ सोडतात.

शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या आणि तेथेच तो थांबला नाही. त्याने त्या परक्याला उतारशाळेत नेले, आणि अधिक झालेला खर्च परत येताना फेडण्याचे वचन दिले. आपणही घरी परतल्यावर ती जखम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांस एकदा दाखवावी. आणि उद्या आपल्या दाराशी, आपल्या फेस्ताच्या गर्दीत, कोणा परगावच्या माणसाचा हात भाजला, तर त्याचे नावगाव विचारण्यापूर्वी त्याला मोरीवर न्यावे, नळ सोडावा, आणि वीस मिनिटे त्याच्याजवळ उभे राहावे.